पाच रात्री, सहा दिवस

७ डिसेंबर २०२५

सोनल,

"दिपाताई, एकदा तरी आपण कुणाचे तरी पाहुणे होऊ या," असं तू म्हणाली होतीस. होमस्टेची पहिली खोली नुकतीच बांधून झाली होती. ठाण्याचं एक कुटुंब सकाळी निघून गेलं होतं आणि आपण दोघी त्यांच्या चादरींतली वाळू अंगणात झटकत होतो. तुझं लग्न व्हायचं होतं. मी म्हणाले होते, "आधी उशांचे अभ्रे काढ."

त्याला सोळा वर्षं झाली. आता पाहुणे होता येईल असं दिसतंय.

माझा नंबर तू फोनमध्ये बंद करून ठेवला आहेस, म्हणून हे पत्र. तुझा पेणचा घरचा पत्ता मला माहीत नाही. तू ज्या गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करतेस त्याच्या पत्त्यावर टाकते आहे. मालकानं फोडलं तर फोडू दे, लपवण्यासारखं यात काही नाही.

आपण बालीला जायचं आहे. १६ ते २१ फेब्रुवारी, पाच रात्री, सहा दिवस. तू, मी, आई आणि तुझे दाजी, हर्षद. तुझ्या निकेतरावांना रजा मिळाली तर तेही. सगळा आराखडा मी स्वतः केला आहे, सोबत कागद जोडलाय. पाहुण्यांच्या सहली आखण्यात माझी निम्मी हयात गेली, आपली ही पहिलीच.

पहिला दिवस नुसता झोपायचा. दुसऱ्या दिवशी उबुड नावाच्या गावी भाताची शेतं, डोंगर उतरत आलेली, पायऱ्यापायऱ्यांची. तिसऱ्या दिवशी देवळं, आणि संध्याकाळी कड्यावर रामायणाचा नाच. पन्नास-शंभर माणसं उघड्या अंगानं गोल बसतात आणि वाद्य एकही नसतं, तोंडानंच ताल धरतात. तो तुला आवडेल. चौथ्या दिवशी नदीत राफ्टिंग. पाचव्या दिवशी छोट्या बेटावर जाऊन पाण्याखालचे मासे बघायचे. त्यात तू उतर. मी काठावर तुझी चप्पल सांभाळीन.

गावकीनं तुला वाळीत टाकल्याला साडेतीन वर्षं झाली. तुझ्याशी जो बोलेल त्याचं घरही वाळीत, हा ठराव अजून तसाच आहे. पण तो गावापुरता. विमानात गावकी नाही. शेजारच्या खुर्चीवर बसून आपण बोलू शकतो, एका ताटात जेवूही शकतो.

१९ तारखेला अलिबागच्या कोर्टात तुझी साक्ष आहे हे मला ठाऊक आहे. त्याच दिवसाचं समन्स मलाही आलंय. त्याचा आणि या तारखांचा काही संबंध नाही. फेब्रुवारीत तिकडे हवा चांगली असते, कोरडी, म्हणून या तारखा धरल्या.

पासपोर्टची झेरॉक्स पाठव.

तुझी,
दिपाताई


२४ डिसेंबर २०२५

सोनल,

उत्तर आलं. उत्तर कसलं, माझाच आराखड्याचा कागद परत आला. चौथ्या दिवसाभोवती लाल रंगाचं वर्तुळ, आणि समासात तुझ्या बारीक अक्षरात दोन ओळी. "फेब्रुवारीत बालीत पावसाळा असतो, आमच्या मालकांची मुलगी भिजून आली. तिकिटं कोण काढतंय?"

लहानपणीही तू अशीच होतीस. भाकरी वाढली की आधी उलटी करून बघायचीस, मागून करपली आहे का.

तिकिटं गावकी काढते आहे. आता खोटं कशाला बोलू.

बुधाजीकाका दिवाळीनंतर गावकीच्या वतीनं आमच्याकडे आले. पडवीत बसले. चहा बशीत ओतून घेतला आणि म्हणाले, "दिपाली, तुला फिरावंसं वाटत न्हाय का गो कधी?"

मी म्हटलं, "काका, मला कुठलं फिरणं? सीझन आलाय तोंडावर."

"सीझन दरसाल येतो. बहिणीला घेऊन फिरून ये. गावानं काय तुमच्या पायात बेडी घातली हाय?"

"गावानंच घातली आहे, काका."

ते हसले. हर्षद हसला नाही, तो माझ्याकडे डोळे वटारून बघत होता. मग काका खरं बोलायला लागले. बोटवाल्या सदाचं लग्न ठरत आलंय. मुलीकडचे एकच विचारतात, केस संपली का. "तुझ्या भैनीनं साक्ष फिरवावी असं आमी म्हनत न्हाय. तिनं त्या दिवशी हितं नसावं, एवढंच. आनि तू बी. वकिलानं दोन प्रश्न इचारले की तू रडशील. तू कच्ची हायस." जाताना पायरीवर थांबून म्हणाले, "आली फिरून की देवळात एक नारळ ठेवायचा. बोलायचं कायबी न्हाय. नारळ ठेवला की ती गावाची."

नारळ ठेवायचा म्हणजे चूक कबूल करायची, हे तुलाही माहीत आहे, मलाही आणि देवालाही. पण तोंडानं म्हणायचं नाही, एवढी सूट मी मागून घेतली आहे. तुझ्यासाठी.

चूक कोणती, ते मीच लिहिते, म्हणजे मी विसरले असं तू म्हणायला नको. २०२२ च्या मे महिन्यात सदाची बनाना बोट उलटली. बोटीवर पाच पाहुणे होते, माझ्याच होमस्टेचे. चेंबूरची तन्मयी, नऊ वर्षांची, बुडाली. तू तेव्हा किनाऱ्यावर शहाळी विकत होतीस. कोयता टाकून साडीसकट गळ्याइतक्या पाण्यात गेलीस आणि तिला बाहेर काढलंस. तिच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. पोलिसांना तू सांगितलंस, माणसं पाच होती, जॅकेटं चार. मी सांगितलं, जॅकेटं पाच होती, माझ्या डोळ्यांदेखत घातली.

मग गावकी बसली. केसपायी बंदी येऊन आपल्या बारा बोटी त्या मोसमात आणि पुढच्या मोसमात वाळूत पालथ्या पडून होत्या. काकांनी तुला जबाब बदलायला सांगितलं. तू म्हणालीस, "काका, पोरगी मी उचलली, माझे हात अजून ओले हायत." तिथून पुढे चक्कीवाल्यानं तुझं दळण घेतलं नाही, नळावर तुझा हंडा कुणी लावू दिला नाही, आणि वर्षाच्या आत तू पेणला गेलीस. ते सगळे महिने मी तुझ्यापासून तीन घरं पलीकडे राहत होते. मीही बोलले नाही.

हे सगळं संपवायचा हा रस्ता आहे. चांगला आहे असं नाही म्हणत. पण दुसरा कुणी काढलेला नाही.

दिपाताई


१८ जानेवारी २०२६

सोनल,

तुझं कार्ड मिळालं. आजकाल पोस्टकार्ड कोण पाठवतं? वाटेत पोस्टमननंही वाचलं असेल. हर्षदच्या हाती पडलं. त्यानं जेवताना मोठ्यानं वाचलं: "तू पाच का म्हणालीस, एवढंच सांग. मग बालीचं बघू."

आईचा घास हातातच राहिला.

गावासाठी म्हणाले. अजून कशासाठी? बारा बोटी म्हणजे बारा घरं. हर्षदच्या भावाची त्यातलीच एक. आणि पोरगी तर गेलीच होती, जबाबानं ती परत येणार नव्हती. मला त्या वेळी एवढंच सुचलं. तुला दुसरं सुचलं, तू मोठी ठरलीस. झालं समाधान?

राग आला होता, खोडत नाही, राहू दे.

आईची गंमत सांगते. पासपोर्टच्या फोटोसाठी तिला अलिबागला नेलं. फोटोवाला म्हणाला, "आजी, हसू नका हां." आई म्हणाली, "मी कवा हसले?" घरी येताना रिक्षात मी तिला फोनवर बालीचे फोटो दाखवले. समुद्र, माड, भात. बराच वेळ बघून म्हणाली, "हितं बी माड, तितं बी माड. माडाखालून उठायचं नि माडाखाली जाऊन बसायचं, त्याला इमान कशाला गो?" रिक्षावाला एवढा हसला की खड्डा चुकला नाही.

मग तिनं विचारलं, "सोनल येते का?"

"विचारलंय."

"ती न्हाय येयाची."

"तुला काय माहीत?"

"मी दोगींना जल्म दिलाय. एकीला माहीत असतं आन् दुसरीला माहीत नसतं असं न्हाय. दोगींना सारकंच माहीत असतं."

पिशवी मात्र भरून ठेवली आहे तिनं. दोन नऊवारी, औषधाचा डबा, आणि एका बरणीत सुका जवळा. तिकडचं जेवण गोडं निघालं तर. जवळा विमानात चालत नाही असं सांगितलं तर म्हणाली, "त्यांना सांग, मनुबाईचा हाय."

आराखड्यात थोडा बदल केला आहे. तुला पाण्याखाली उतरायचं नसेल, तर पाचव्या दिवशी तिकडच्या बायका पूजेच्या परड्या कशा विणतात ते शिकवतात. कोवळ्या माडाच्या पातीच्या. तुझ्या हाताला ते लगेच जमेल. हॉटेलात मी दोन खोल्या घेतल्या आहेत, एक हर्षदची, एक आपल्या तिघींची. तुझी खाट खिडकीकडची. तुझं तिकीट अजून रद्द केलेलं नाही. बुधाजीकाका दर दोन दिवसांनी विचारतात, "भैन काय म्हनते?" मी म्हणते, विचार करते आहे.

मला माहीत आहे तू विचार करत नाहीस.

दिपाताई


१९ फेब्रुवारी २०२६, उबुड, बाली

सोनल,

तू आली नाहीस, आणि आईही आली नाही. निघायच्या सकाळी गाडी दारात उभी होती. आई पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर बसली होती. हात धरायला गेले तर म्हणाली, "मी न्हाय येत. तुमी जा. तिकिटं फुकट घालवू नका." हर्षद म्हणाला, "म्हातारीचं डोकं फिरलंय, चल, विमान चुकेल." आणि मी निघाले. हे लिहिताना मला स्वतःचीच किळस येते, पण निघाले.

इथं तू म्हणालीस तसा पाऊस आहे. भाताची शेतं पाण्यानं काठोकाठ भरली आहेत. सुंदर आहेत. काल कड्यावरचा नाच पाहिला. माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या, तुझी आणि आईची. हर्षद मागे उभा राहून व्हिडिओ काढत होता.

आज राफ्टिंग. आजच्याच दिवशी. आराखडा माझाच आहे.

नदीकाठी शेडमध्ये आम्ही अकरा जण होतो. तिथली गाइड साधारण तुझ्या वयाची बाई होती. तिनं एकेकाला जॅकेट घातलं, पट्टे आवळले, आणि मग खांद्याशी दोन्ही हातांनी धरून प्रत्येकाला वर उचलून बघितलं, जॅकेट अंगातून निसटतं का ते. हर्षद म्हणाला, "ही काय माणसं वजनावर विकते काय?" सगळे हसले. मोजताना एक जॅकेट कमी आलं. तिनं फोन केला. दुसऱ्या गाडीतून येतंय, अर्धा तास लागेल म्हणाली. नाशिकचे एक गृहस्थ चिडले. म्हणाले, मला पोहता येतं, मी तसाच बसतो, मध्ये बसतो. ती हसून मोडक्या इंग्रजीत म्हणाली, जॅकेट नाही तर नदी नाही.

आणि आम्ही सगळे बाकावर बसून राहिलो. तिनं आल्याचा चहा दिला. पाऊस पडत होता. अर्ध्या तासात एक मोटारसायकलवाला आला, जॅकेट देऊन गेला. एवढंच झालं. कुणाचं काही बिघडलं नाही.

मी माझं जॅकेट काढून त्या बाईच्या हातात दिलं. हर्षदला वाटलं, मी पाण्याला घाबरले. नदीत मी उतरले नाही.

तेवढ्यात हर्षदचा फोन वाजला. इथं दीड वाजला होता, म्हणजे तिकडे अकरा. बुधाजीकाका होते. इतक्या मोठ्यानं बोलत होते की मला लांबून ऐकू आलं. "तुमची म्हातारी कोर्टात बसली हाय. सोनलच्या बाजूला. तिच्या डब्यातलं खाते हाय, सगळ्या गावादेखत!"

एकटी एसटीनं गेली ती. एकाहत्तर वर्षांची. पिशवी तीच असेल, बालीची.

तुझी साक्ष कशी झाली ते मला इथं कोण सांगणार?

दिपा


४ मार्च २०२६

सोनल,

आम्ही आलो तेव्हा आईची खोली झाडलेली होती. तिचा पाट, तिचा खलबत्ता, सगळं जागच्या जागी. चक्कीवाल्यानं सांगितलं की ती तुझ्याकडेच आहे, पेणला. सांगितलं म्हणजे माझ्याकडे न बघता हवेत बोलला. आमच्या घरावर अजून ठराव झालेला नाही, पण लोक सराव करून ठेवतात.

साक्षीचं मला गावातूनच कळलं. सदाच्या वकिलानं तुला माझा जबाब वाचून दाखवला. "तुमची सख्खी बहीण सांगते जॅकेटं पाच होती. मग तुमच्यातलं खोटारडं कोण?" तू म्हणालीस, "ते तिलाच विचारा." आणि खाली उतरलीस. त्यावर गावात दोन दिवस हशा चालला होता. मला तो ऐकू येत होता.

काका काल आले होते. या वेळी चहा घेतला नाही. म्हणाले, आईनं ठराव मोडला, तर नारळ आता या घरानं ठेवायचा, माझ्या हातानं. आणि कोर्टानं मला ११ मार्चची तारीख दिली आहे, या वेळी गैरहजर राहिले तर वॉरंट निघेल, तेव्हा जायचं आणि पाच म्हणून यायचं. "पाठ कर," म्हणाले. "पाच. एवढाच एक शब्द हाय."

तू कार्डावर विचारलं होतंस, पाच का म्हणालीस. मी गावाचं नाव घेतलं. ते खोटं होतं.

त्या दिवशी दुपारी सदाचा मला फोन आला होता. "वैनी, एक जॅकेट फाटलंय. पाव्हण्यांना अर्धा तास थांबवा, काशीदवरून मागवतो." पाहुणे माझ्या अंगणात बॅगा बांधून उभे होते. त्यांना मांडव्याहून परतीची चारची रो-रो बोट गाठायची होती. बोटीची फेरी झाली नाही तर पॅकेजमध्ये काय दिलं, असं तन्मयीचे वडील दोनदा म्हणून गेले होते. पुढच्या आठवड्यात त्यांच्याच ओळखीची चार कुटुंबं येणार होती. मी सदाला म्हणाले, "अर्धा तास कुठला आणतोस? पोरगी लहान आहे. मध्ये बसव."

हे माझे शब्द. मध्ये बसव.

तन्मयी तेव्हा माझ्या शेजारीच उभी होती. तिनं विचारलं, "काकू, मध्ये जास्त मजा येते का?" मी म्हटलं, हो.

तू तिला बाहेर काढून वाळूवर ठेवलंस तेव्हा मी माडांपाशी उभी होते. सदानं माझ्याकडे बघितलं आणि मी त्याच्याकडे. त्यानं माझं नाव घेतलं नाही, मी त्याचं घेतलं नाही. बस. बारा घरं, गावाचं पोट, सगळं मागून आलं. मला सोयीचं होतं म्हणून मी ते अंगावर पांघरून बसले. गावकीनं तुला वाळीत टाकलं त्या सभेत मी बायकांच्या बाजूला बसले होते आणि मला, देवाची शपथ, हायसं वाटलं होतं. तू गावात असेपर्यंत मला रोज भीती होती की एक दिवस तू मला सरळ विचारशील.

त्या फोनच्या वेळी आई मागे कांदा चिरत होती. तिनं ऐकलं होतं. आजवर एक शब्द बोलली नाही. तुलाही सांगितलं नसेल, मला खात्री आहे. सांगायचं असतं तर बालीची पिशवी भरेपर्यंत थांबली नसती. ती माझी वाट बघत होती, आणि मी तिला माड दाखवत होते.

बालीची सहल मी आखली ती काकांसाठी, हे खरं आहे. पण तुला ओढून न्यायची घाई काकांपेक्षा मला जास्त होती, हेही खरं आहे. तू साक्ष द्यायला उभी राहिलीस की पुढचा प्रश्न माझ्यावर येणार होता.

सरकारी वकिलांना मी आज अलिबागला जाऊन भेटले. त्यांना सगळं सांगितलं, फोनसकट. ते म्हणाले, बाई, हे बोललात तर तुमच्यावरही गुन्हा येऊ शकतो, वकील करा. मी म्हटलं, करते. हर्षदला घरी येऊन सांगितलं. त्यानं ताट सरकवलं. म्हणाला, "मग तू तिकडूनच कुठं जायचं ते बघ." त्यानं हे रागात म्हटलेलं नाही. शांतपणे म्हटलं, म्हणून ते खरं आहे.

माफी मागत नाही. तुझं दळण परत आलं, तुझी शहाळी कुणी घेतली नाहीत, निकेतरावांना नवीन नोकरी शोधावी लागली, त्यावर मी इथून माफी लिहून पाठवायची आणि तू ती कारखान्यात रंगाच्या हातानं फोडायची, एवढा निर्लज्जपणा माझ्यात उरलेला नाही.

एकच मागते. ११ तारखेला तू कोर्टात येऊ नकोस.

लिहिणं मला जमलं, कारण कागदाला चेहरा नसतो. तिथं मला उभं राहून म्हणायचं आहे की माझी बहीण खरं बोलली आणि मी खोटं, आणि त्या मुलीला मध्ये बसवायला मीच सांगितलं. सदासमोर मी ते म्हणेन. काकांसमोर म्हणेन. तन्मयीची आई येणार आहे असं वकील म्हणाले, तिच्यासमोरही कसं तरी म्हणेन. तू समोर असलीस तर मला बोलता येणार नाही. त्या दिवशी कामावर जा. आईलाही घरी ठेव.

पावणेचार वर्षं तू हे एक वाक्य ऐकायला थांबली आहेस. तू पहिल्या बाकावर येऊन बसशील, आईला शेजारी घेऊन, हे मला माहीत आहे.

तरी सांगते, येऊ नकोस.

दिपा